एकसारखे दोन डबे

जावयाला सासरी मान असतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा येऊन मला माझ्या सासरी जमिनीवर पालथं पडलेलं बघावं. मी वॉशिंग मशीन दुरुस्त करतो. ड्रम, बेल्ट, मोटर, पाणी फेकणारा पंप, एवढंच मला येतं. पण त्या घराच्या हिशेबात ज्याला प्लग आहे ते सगळं जावयाचं. मिक्सर, गिझर, दारावरची बेल. एकदा तर सासूबाईंनी ब्लडप्रेशर मोजायचं यंत्र माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाल्या, "बघा हो, जास्त दाखवतंय." यंत्र धडधाकट होतं. त्यांचं प्रेशरच जास्त होतं, आणि ते वाढवणारा माणूस शेजारी बसून मान डोलावत होता.

हे माझे सासरे. वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानादुकानांत जाऊन तराजू तपासायचे, खोटी वजनं जप्त करायचे. लाच खाल्ली नाही, त्यामुळे मित्र मोजके आणि घर लहान. निवृत्त झाल्यावर त्यांनी आयुष्यभर दाबून ठेवलेला एकच शौक मोकाट सोडला: गाणं ऐकणं. तुम्ही-आम्ही भाजी चिरताना ऐकतो तसं ऐकणं नव्हे. मागची खोली त्यांनी त्यासाठी अडवली. कमरेइतके उंच दोन स्पीकर, भिंतींवर जाड पडदे आणि मधोमध एक खुर्ची. खुर्चीच्या चारही पायांची जागा जमिनीवर खडूने आखलेली. झाडू मारताना खुर्ची बोटभर सरकली तरी यांना गाण्यातून कळायचं, असं ते सांगायचे. सासूबाई म्हणायच्या, खडूवरून कळतं.

गाणी यायची इंटरनेटवरून. राउटर बाहेरच्या खोलीत. तिथून एक साधी वायर गालिच्याखालून, पॅसेजमधून मागच्या खोलीत जायची आणि गाणं वाजवणाऱ्या यंत्राला लागायची. सगळं छान चाललं होतं. मग यांनी संगणकावर कुणाचा तरी सल्ला वाचला. तांब्याच्या वायरीतून म्हणे गाण्याबरोबर विजेचा कचरा येतो. त्यावर उपाय काच. राउटरपाशी एक डबा लावायचा, साबणाच्या वडीएवढा. तो विजेचा प्रकाश करतो. केसाएवढ्या काचेच्या तारेतून तो प्रकाश जातो. पलीकडे तसाच दुसरा डबा, तो प्रकाशाची पुन्हा वीज करतो. मीडिया कन्व्हर्टर म्हणतात या डब्यांना. प्रकाशाला कचरा चिकटत नाही, म्हणून गाणं धुऊन निघाल्यासारखं येतं. हा सल्ला देणारे महाशय टोपणनावाने लिहितात. टोपणनावाने लिहिणाऱ्याला दुसऱ्याच्या घराची भिंत फोडायला सांगताना काय जातंय?

भिंत फोडली. काचेची तार टाकली. डबे लावले. त्या दिवसापासून खोलीत एक सूर उमटला नाही.

"म्हणजे कचरा सगळा गेला," सासूबाई म्हणाल्या, "गाण्यासकट."

सासूबाई शिवणकाम करतात. त्यांना एका दवाखान्याच्या गाऊनचं मोठं काम मिळालं होतं. त्यासाठी आणखी दोन मशीनं आली, दोन बायका मदतीला येणार ठरल्या. आणि बसणार कुठे, तर पॅसेजमध्ये. तिन्ही मशीनं तिथे रांगेत उभी, घरातले सगळे खेकड्यासारखे आडवे चालत स्वयंपाकघरात जायचे. एवढं होऊनही त्या गप्प होत्या, कारण मागच्या खोलीत गाणं वाजायचं. आता ते वाजेना.

"गाणं वाजत असतं तर मी तोंड उघडलं नसतं," त्यांनी नवऱ्याला सांगितलं. "पण मुकी खोली अडवून बसायला तुम्ही काय साप आहात? रविवारी तुमचे ते दोघे येतात ना ऐकायला? त्यांच्यासमोर त्या प्रकाशातून गाणं आलं पाहिजे. आलं तर खोली तुमची, मी परत शब्द काढणार नाही. नाही आलं तर त्याच संध्याकाळी माझी मशीनं आत."

"आणि जुन्या वायरीवर वाजवलं तर?" सासऱ्यांनी विचारलं. निरीक्षक माणूस, अटी नीट समजून घेणार.

"मग माझी भिंत कशाला फोडलीत?"

म्हणून रविवारी सकाळी बायकोने मला अंथरुणातून ओढून काढलं. "जा ना. बाबांची खोली जाईल. ती खोली गेली तर ते दिवसभर आपल्याकडे येऊन बसतील." यातलं शेवटचं वाक्य ऐकून मी पँट चढवली.

"या जावईबापू," सासऱ्यांनी दार उघडलं. "फक्त हिरवा दिवा लावायचा आहे. बाकी सगळं तयार आहे."

डब्यावर दोन दिवे होते. एक पॉवरचा, तो हिरवागार. दुसऱ्याच्या खाली 'लिंक' लिहिलं होतं, तो मेलेला. दोन्ही डब्यांवर हेच. म्हणजे दोघांना खायला मिळतंय, पण एकमेकांशी बोलणं बंद.

मी मला जे येतं ते केलं. प्लग काढले, घातले. अडॅप्टर बदलले. डबा कानाशी नेऊन हलवून बघितला. वॉशिंग मशीनमध्ये अर्धे रोग हलवून कळतात.

"हलवू नका हो! त्याच्या आत लेझर आहे."

"मग बघतो पेटलाय का," म्हणून मी तारेचं टोक डोळ्याशी नेलं.

"डोळा जाईल!" सासरे ओरडले. "तो प्रकाश दिसत नाही!"

"न दिसणारा प्रकाश?"

"न दिसणारा."

"बाबा, दुकानदाराने तुम्हाला न दिसणारा माल विकलाय."

स्वयंपाकघरातून खुदकन आवाज आला. सासऱ्यांनी दार लोटून घेतलं.

मग तारेची टोकं स्पिरिटने पुसली. तार कुठे मुडपलीय का ते बघायला गालिचा उचलून गुडघ्यावर रांगत गेलो. डब्याच्या पोटाला बारीक बटणं होती, ती टाचणीने वर केली, खाली केली, एक वर एक खाली केलं. सासऱ्यांचं म्हणणं पडलं की तारेला दिशा असते, उलटी करून बघा. भिंतीतून तार ओढून, फिरवून पुन्हा घातली. दिवा मेलेलाच. मग इकडचा डबा तिकडे आणि तिकडचा इकडे.

"त्याने काय होणार?" मी विचारलं. "दोन्ही सारखेच आहेत."

हे ऐकताच सासऱ्यांची छाती फुगली. सकाळपासून पहिल्यांदाच.

"सारखे *आहेत* नव्हे, सारखे *करून घेतलेत*. आधी त्या भामट्याने काय पाठवलं होतं माहितेय? एक डबा एका मॉडेलचा, दुसरा वेगळ्याच मॉडेलचा! एकावर ए, दुसऱ्यावर बी! अहो, स्पीकरची जोडी कशी हवी? सारखी. तराजूची पारडी? सारखी. हा इसम मला बेजोड माल देतो आणि वर सांगतो, साहेब असंच असतं. मी म्हटलं, असंच असतं हे वाक्य मी तीस वर्षं ऐकलंय. प्रत्येक खोट्या वजनामागे हेच वाक्य. ग्राहक कायदा वाचून दाखवला. मग आला वठणीवर. बी परत घेतला, ए पाठवला. बघा, नंबरसुद्धा लागोपाठचे."

मी बघितले. खरंच लागोपाठचे होते. "चांगली जिरवलीत," मी म्हणालो. खोटं का सांगू, मलाही पटलं होतं. ज्या दुकानदाराची कुणीतरी जिरवली, त्याची गोष्ट ऐकायला मला नेहमीच बरं वाटतं.

पण डबे काही बोलेनात. जेवणं झाली. सासूबाई वाढतानाही गळ्यात मोजायची टेप घालून फिरत होत्या. जेवण झाल्यावर त्या मागच्या खोलीत शिरल्या आणि भिंतीला टेप लावू लागल्या.

"अजून संध्याकाळ झाली नाही," सासरे म्हणाले.

"मोजायला काय हरकत आहे? तुम्ही नाही का लोकांचं मोजत फिरायचात?"

सासऱ्यांचा चेहरा उतरला. मला तो बघवेना. मी बाहेरच्या खोलीत जाऊन दुकानात फोन लावला. रविवार असूनही दुकानदाराने उचलला.

"दोन कन्व्हर्टर घेतले होते आमच्या बाबांनी," मी सुरुवात केली. "लिंकचा दिवा..."

"वजनमापेवाले साहेब?" पलीकडचा आवाज एकदम गोड झाला. "अहो, मी वाटच बघत होतो! आमच्या दुकानात पैज लागली होती, फोन कधी येतो त्याची. थांबा हं, स्पीकरवर टाकतो, सगळ्यांना ऐकू दे."

"काय झालंय ते सांगा आधी."

"सांगतो. सावकाश सांगतो, मजा घेऊ द्या जरा. काचेची तार एकच आहे ना? जायला-यायला तीच. मग जाणारा प्रकाश एका रंगाचा लागतो, येणारा दुसऱ्या. समजायला सोपं म्हणून धरा, ए डबा लाल पाठवतो आणि निळ्याची वाट बघतो. बी डबा निळा पाठवतो, लालची वाट बघतो. झाली जोडी. साहेबांकडे आता दोन्ही ए. दोघंही लाल लाल ओरडतायत आणि निळ्याची वाट बघतायत. जन्मभर बघतील."

"हे तेव्हा सांगायचं ना!"

"सांगितलं! म्हटलं, साहेब, असंच असतं. साहेबांनी मला कलम सांगितलं. कलम! तेही आकडा-पोटआकड्यासकट!" मागे कुणीतरी टेबल बडवून हसत होतं. "बी पाठवतो की. तो आमच्या गोडाऊनला असतो, बुधवारपर्यंत येईल. आणि साहेबांना माझा नमस्कार सांगा. जोडीने."

मी फोन ठेवला. मागे वळलो तर सासरे दारात उभे. सगळं ऐकलं होतं त्यांनी. दुकानदाराचा आवाजच तसा होता.

त्यांनी राउटरपाशचा डबा उचलून त्याच्या नंबरावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "पण जोडी सारखी असली पाहिजे."

"नाही बाबा."

"तत्त्वतः."

"तत्त्वतःसुद्धा नाही."

ते खुर्चीत बसले. खडूच्या खुणांतली नाही, साधी बाहेरची. माझ्या मनात आलं, आता हा माणूस उठेल आणि बायकोला जाऊन सरळ सांगेल, हरलो. पण त्यांची नजर हळूहळू खाली गेली. गालिच्याकडे.

"जावईबापू," ते कुजबुजले, "ती जुनी वायर अजून खालीच आहे ना?"

"ती कचरा वाहते ना?"

"आजच्या दिवस वाहू दे."

आता मी काय करायला हवं होतं ते मला ठाऊक आहे. पण ते दिवसभर माझ्या घरी येऊन बसतील हेही ठाऊक होतं. मी जुनी वायर एकीकडे राउटरला लावली, दुसरीकडे गाण्याच्या यंत्राला. काचेची तार आणि दोन्ही डबे दिसायला जागच्या जागी, पॉवरचे दिवे हिरवेगार. गालिचा अंथरला, वर हात फिरवून सपाट केला. चोरी करताना आमच्या दोघांच्या हाताला जो वेग आला तो दिवसभर कुठे गेला होता कोण जाणे.

संध्याकाळी दोघे मित्र आले. एक निवृत्त दातांचे डॉक्टर. दुसऱ्यांना सगळे खर्जमास्तर म्हणायचे, कारण कुठलंही गाणं लावलं तरी त्यांना फक्त खालचा, जमिनीतून येणारा आवाज हवा असायचा. दोघेही गेले कित्येक रविवार चहा पिऊन गाण्याशिवाय परत जात होते.

"आज तरी वाजणार का तुझं, की नुसतीच बिस्किटं?" डॉक्टर म्हणाले.

"बस खाली."

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. आधी त्यांनी डब्याकडे बघितलं.

"हा हिरवा दिवा तर परवासुद्धा होता."

"परवाचा हिरवा वेगळा होता," सासरे म्हणाले. मला खोकला आला.

त्यांनी बटण दाबलं आणि गाणं सुरू झालं. एका गायिकेचं जुनं ध्वनिमुद्रण, मागे फक्त एक व्हायोलिन. सासऱ्यांनी ते इतक्यांदा ऐकलंय की ती बाई श्वास कुठे घेते तेसुद्धा त्यांना पाठ आहे. खोली भरून गेली. इतक्या दिवसांनी ऐकलं म्हणून असेल, माझ्यासारख्या मोटरचा खडखडाट ऐकणाऱ्यालाही गलबलून आलं.

"वा!" डॉक्टरांनी डोळे मिटले. "काय फरक आहे! पडदा उठला रे पडदा!"

"खालचा आवाज बघ," खर्जमास्तर म्हणाले. व्हायोलिनला खालचा आवाज कुठला, पण ते पुढे म्हणाले, "पाया पक्का झाला."

सासरे हसले. पहिलं हसू खरं होतं. सासूबाईंनी थोडा वेळ ऐकलं आणि गळ्यातली टेप काढून गुंडाळली.

"बरं," त्या म्हणाल्या. "वाजतंय. तुम्ही जिंकलात. आम्ही बसू पॅसेजमध्ये." आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. त्या वळल्या.

झालं होतं. खोली राहिली होती. सासऱ्यांनी फक्त तोंड बंद ठेवायचं होतं.

"जुन्या वायरीवर हे ऐकूच यायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "तिचा आवाज म्हणजे गढूळ पाणी."

सासऱ्यांचं हसू गालावर अडकलं. "गढूळ? कुठे गढूळ?"

"सगळीकडेच."

"सगळीकडे नको. जागा दाखव."

"हे बघ, आत्ता जी तान गेली ना, ती जुन्या वायरीवर शेवटी फाटायची. मला दर वेळी जाणवायचं. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

"आणि गायिकेला सर्दी असायची," खर्जमास्तरांनी भर घातली. "ती गेली. प्रकाश तो प्रकाश!"

मी सासऱ्यांकडे बघून मान हलवली. नको. बाबा, नको. खोली तुमची आहे. पण त्यांच्या कपाळावरची शीर मी ओळखतो. हा माणूस किराणा दुकानात शिरून गिऱ्हाइकांच्या देखत वजन उलटं करून त्याच्या बुडातलं कोरलेलं शिसं दाखवायचा. तो उठला.

"गाढवांनो!"

गाणं चालूच होतं. सासरे खाली वाकले, गालिच्याचं टोक धरलं आणि असा हिसडा दिला की डॉक्टरांचा चहा मांडीवर.

"ही बघा! ही जुनीच वायर आहे! तीच! कुठे गेली सर्दी? कुठे फाटली तान? इतकी वर्षं माझ्या शेजारी बसून ऐकताय, माझ्या बरोबरीने माना हलवताय, आणि तुम्हाला एवढं कळत नाही? मी वाहवा म्हणेन तिथे वाहवा! अरे, खोटं वजन परवडलं, निदान ते काहीतरी भरतं!"

 मग खर्जमास्तर चाचरत म्हणाले, "म्हणजे आधी आम्ही ऐकायचो ती कुठली?"

"हीच!"

"मला वाटलंच होतं," डॉक्टर पँट पुसत म्हणाले. "जरा गढूळच येतंय."

मी तोंड फिरवून भिंतीकडे बघितलं, नाहीतर हसू फुटलं असतं. सासूबाई दारात परत आल्या होत्या. त्यांनी वायर बघितली, मला बघितलं, नवऱ्याला बघितलं.

"मग त्या डब्यांना झालंय तरी काय?"

मी सांगितलं. दोन्ही एकसारखे, म्हणून दोघंही बोलतात आणि कुणीच ऐकत नाही.

"म्हणजे टिचबटणाच्या दोन्ही बाजू सारख्याच घेतल्या," त्या म्हणाल्या. "आणि त्यासाठी त्या बिचाऱ्या दुकानदाराशी महिनाभर भांडलात?" मग त्यांना हसू आवरेना. दाराच्या चौकटीला धरून हसल्या, डोळे पुसले आणि गुंडाळलेली टेप पुन्हा उलगडली. "चला. खोली माझी."

"तुझीच," सासरे म्हणाले. "या बहिऱ्यांना बसवायला मला खोली लागते कशाला?"

मग सगळ्यांना कामाला लावलं. डॉक्टर आणि खर्जमास्तर ओशाळून मशीनं उचलत होते, सासरे त्यांच्यावर डाफरत होते, आणि मी नेहमीप्रमाणे जमिनीवर होतो. मशीनं आत गेली, तशी पॅसेजमध्ये जागा झाली. सासूबाईंच्या हुकमावरून स्पीकर तिथे आले, एक या टोकाला, एक त्या टोकाला. मधे रुंदीला जेमतेम एका स्टुलाची जागा. सासरे त्यावर बसले. मित्र भिंतीला पाठ टेकून पाय पोटाशी घेऊन बसले, कारण पाय पसरायला समोर भिंतच होती. मी तारा जोडल्या आणि गाणं पुन्हा लावलं.

"इथे उलट जास्त चांगलं वाटतंय," डॉक्टर म्हणाले.

"तू बोलू नकोस."

आत सासूबाईंनी एका मशीनला धागा ओवून पाय मारून बघितला. टकटक सुरू झाली, थोड्या वेळाने थांबली.

"अहो," त्यांचा आवाज आला, "गाणं एकाच बाजूने येतंय का?"

सासरे स्टुलावरून ताडकन उठले. डाव्या स्पीकरला कान लावला. मी वाकून मागे बघितलं. तार सुटून बाहेर लोंबत होती. एवढ्या वेळात आम्हा चौघांपैकी एकालाही पत्ता नव्हता. सासऱ्यांना स्वतःलाही नाही. ते पुन्हा खाली बसले आणि क्षणभर हातांकडे बघत राहिले. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, मित्रांकडे तर बघितलंच नाही, आणि स्टूल हळूच फिरवून खोलीच्या दाराकडे तोंड केलं.

मी तार घट्ट बसवली.

"आता?" त्यांनी आत विचारलं. बायकोशी इतक्या अदबीने बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

आत टकटक नव्हती. सासूबाई ऐकत होत्या. त्यांनी वेळ घेतला, घाई केली नाही.

"आता दोन्ही बाजूंनी येतंय," त्या म्हणाल्या. "पण त्या गाणाऱ्या बाईला मधे आणा की जरा. डावीकडे सरकलीय."

"सरकवतो," सासरे म्हणाले, आणि स्पीकर ढकलायला उठले.